अर्धी साक्ष

येडबाच्या पत्राला रायभाननं उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. पत्र कुठं गहाळ झालं असतं तर बरं, पण तसंही नव्हतं. ते शाळेच्या हजेरीपटात मागच्या पुठ्ठ्याला लागून होतं आणि सकाळी पोरांची नावं पुकारताना त्याच्या अंगठ्याला रोज लागायचं. लागलं की कानशिलं तापायची. मग पुढच्या दोन-चार पोरांची नावं तो उगाच खेकसून पुकारायचा. पोरांना वाटायचं, मास्तर घरून भांडून येतात. घरात भांडायला होतंच कोण? मास्तर एकटा, एक चूल आणि फळीवर सहा पुस्तकं.

पत्र पालमच्या सांबप्पा दुकानदाराच्या हातचं होतं, कारण येडबाला, म्हणजे रायभानच्या थोरल्या भावाला, लिहिता येत नव्हतं. सांबप्पानं येडबा बोलला तसं उतरवलं होतं:

"रायभानाला येडबाचा रामराम. तू किरिस्तांव झालास, रामराम घेतूस का न्हाई ठाव न्हाई, तरी घे. मागल्या साली तू पालमच्या बाजारात बोललास ते आपल्या लोकांनी आयकलं. कुरणाच्या राखणदाराचा हात म्या मोडला अन् अमीनसायबापुढं नाव तुजं सांगितलं, हे तू चारचौघांत मनलास. तवापासून भावकीनं मला टाकलंय. माज्या मेंढराजवळ कुनी मेंढरं बसवीना. पोरीला लगनाची जागा येईना. पंच मनतेत, रायभानाचा कागद आन. तर तू येवढंच लिव्ह की झालं ते देवानंच घडविलं, येडबाकडं दोष न्हाई. तूच बाजारात मनलास ना, देवानं भल्यासाठी केलं? म्या तसं नसतं केलं तर तुला अक्षर आलं असतं का? मास्तर झाला असतास का? माय जाऊन आता आठवं वरीस. गंगेच्या काठानं तुला हुडकीत हिंडायची. तू पुरात वाहून गेलास मनून आमी तुजी वली घोंगडी दावली होती, पर ते तिला पटलं न्हाई. बाकी समदं ठीक. मेंढरं बरी हायेत."

खाली सांबप्पानं आपल्या पदरचं जोडलं होतं: "मास्तर, चार ओळी तरी लिहा. हा माणूस दर बाजाराला दुकानापुढं बसून टपाल आलं का विचारतो. गिऱ्हाईक बिचकतं."

आई गेली हे रायभानला या पत्रातून कळलं. तेही असं, मेंढरांच्या खुशालीच्या आधी.

तेराशे चाळीस फसलीचा उन्हाळा होता तो. म्हणजे एकतीस साल. दोघे भाऊ मेंढरं घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला उतरले होते. रायभान एकोणीस वर्षांचा, येडबा तिशीतला. सरकारी कुरणात मेंढरं शिरली, राखणदारानं दोन कोकरं ओढून नेली आणि येडबानं काठी घातली. रायभान तेव्हा पाणी आणायला गेला होता. संध्याकाळी पोलिसांचा अमीन शिपाई घेऊन आला. "कोणी मारलं?" म्हणून विचारलं तेव्हा येडबानं जमिनीकडं बघत सांगितलं, "ह्यानं." बस, एवढंच. रायभान हसला होता, त्याला वाटलं भाऊ थट्टा करतोय.

दोन वर्षं तुरुंग. येडबा एकदाच भेटायला आला आणि गजांबाहेरून म्हणाला, "माय मनली, जेलातलं तोंड मला दावू नको." रायभाननं ते खरं धरलं. सुटला तेव्हा छातीत खोकला भरला होता. घरी जायला तोंड नव्हतं म्हणून मिशनच्या दवाखान्यात जाऊन पडला. तिथल्या नर्सबाईनं वेळ जावा म्हणून अक्षरं शिकवली आणि मग एक दिवस त्यानं शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, ती जुनी गोष्ट वाचली. मेंढपाळाचा लाडका पोरगा. भावांनी त्याला विकून टाकलं आणि रक्तात बुडवलेला अंगरखा बापाला नेऊन दाखवला. पुढं पोरगा मिसर देशात मोठा कारभारी झाला, दुष्काळात भाऊ दारात आले, तेव्हा तो म्हणाला की तुम्ही वाईट चिंतलंत खरं, पण देवाला त्यातून भलंच करायचं होतं. रायभाननं पुस्तक छातीवर ठेवलं आणि रडला. ही तर आपल्याच घरातली गोष्ट! पाण्याखाली तो गेला तो त्या गोष्टीमुळं. बाप्तिस्मा म्हणजे काय हे त्याला नीट कळलं ते नंतर.

मास्तर झाल्यावर त्याच गोष्टीची त्यानं साक्ष केली. मिशनच्या लोकांत साक्ष म्हणजे, देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. रायभान एरवी बुजरा. दोन माणसांपुढं पाणी मागायचं तरी घसा कोरडा पडायचा. पण साक्ष द्यायला उभा राहिला की बोलायचा. शेवटी ठरलेलं वाक्य: "भावानं वाईट केलं, पण देवानं त्याचं सोनं केलं!" लोक "आमेन" म्हणायचे, बाया पदर डोळ्याला लावायच्या.

पत्र आल्यावरही दोन वर्षं तो तीच साक्ष देत राहिला. घोंगडी नाही, गंगेचा काठ नाही, आई नाही. जुनी साक्ष पाठ होती, लोकांना आवडत होती आणि आईला त्यात घालायची जागाच नव्हती. कुठं घालणार? सोन्याच्या आधी की नंतर? या प्रश्नानं त्याचं डोकं फिरायचं आणि राग सगळा येडबावर जायचा. लबाड माणूस! तुरुंगात घातलं, आईला झुरवून मारलं आणि वर देवाचं नाव पुढं करून कागद मागतो. उत्तर नाही द्यायचं. बसू दे दुकानापुढं.

सुगी उरकल्यावर मिशनचा मेळावा भरला. औंदा तो रायभानच्याच गावी होता, सोनपेठच्या पुढं गंगेकडल्या खेड्यात. आठ-दहा गावची माणसं गाड्या जोडून, पोरंबाळं घेऊन आली. शाळेपुढच्या लिंबाखाली सतरंज्या पडल्या. पाळक किशनराव आदल्या दिवशीच आले होते. जाडजूड, दिलखुलास माणूस. बोलता बोलता समोरच्याच्या पाठीवर थाप मारायची सवय.

"मास्तर, साक्ष तुमचीच," ते म्हणाले. "मुंजाजीला दिली होती मागल्या खेपेला. अर्धा घंटा दारू कशी सोडली ते सांगितलं त्यानं, पण असं रंगवून की लोकांना पुन्हा प्यावी वाटायली."

"यंदा नको, पाळकसाहेब. माझी सगळ्यांनी ऐकलीय."

"म्हणूनच तर! ऐकलेली गोष्ट लोकाला जास्त आवडती. ते सोन्याचं वाक्य तेवढं जोरात म्हणा."

दुपारी भजनं झाली, प्रवचन झालं आणि रायभान उभा राहिला. कुरण, काठी, अमीन. येडबाचं "ह्यानं." लोक मान हलवत होते. पुढं तुरुंग, खोकला, दवाखाना. सुरुवातीला चाचरला, पण पाठ होतं, गाडी चाकोरीला लागली. शेवटच्या वाक्यासाठी त्यानं श्वास घेतला.

"अन् मायचं?"

आवाज मागून आला. सतरंजीच्या पलीकडं, उन्हात, एक बाई उभी होती. पायावर पोटरीपर्यंत धूळ, डोक्यावर घड्या घातलेलं धडपं, हातात काठी. लोक वळून बघायला लागले.

"मायचं का सांगंना झालास रे? मेली का ती तुज्या गोष्टीत? का जन्मलीच न्हाई?"

तेरा वर्षांनी बघत होता, तरी आवाजावरून ओळखलं. त्याची बहीण, कासाबाई. येडबाहून धाकटी, त्याच्याहून थोरली.

"बाई, बसा खाली," किशनराव पाळक मायेनं म्हणाले. "पाणी द्या रे त्यांना. बाई, आईचं दुःख मोठंच. पण मास्तरांचे हाल देवाच्या योजनेत होते, तसं तुमच्या आईचं मरणसुद्धा त्या योजनेतच—"

"तिचं नाव त्यात ओढू नका!"

हे कोण ओरडलं ते रायभानला क्षणभर कळलं नाही. मग लोक आपल्याकडं बघतायत हे दिसलं.

"मास्तर—" पाळक म्हणाले.

"नाही, पाळकसाहेब. ऐका. माझी आई तीन वर्षं या गंगेच्या काठानं हिंडली. पोरगं वाहून गेलं म्हणून घरच्यांनी तिला ओली घोंगडी दाखवली आणि तिला ते पटलं नाही. ती दर गावात विचारत गेली आणि मेली. मला यातून शाळा मिळाली. मानतो, देवानं दिली. आईला काय मिळालं? तिच्या हिश्श्याचं सोनं कुठं आहे? माझ्या शाळेसाठी देवाला तिला मारावं लागलं, असं मी रविवारी या पोरांना शिकवू? शिकवू का? सांगा!"

कुणी आमेन म्हटलं नाही. एक तान्हं पोर रडत होतं तेवढंच.

किशनरावांचा चेहरा उतरला, पण ते मागं सरले नाहीत. हळू म्हणाले, "मास्तर, वधस्तंभसुद्धा माणसाच्या पापानंच उभा केला ना? त्यातून तारण झालंच की."

"झालं. पण ज्या शिष्यानं प्रभूला धरून दिलं त्याला प्रभूनं काय शाबासकी दिली? हा जन्मलाच नसता तर बरं होतं, असं म्हटलं! रानाला वणवा लागला, कुणी जीव धोक्यात घालून चार कोकरं बाहेर काढली, म्हणून आग लावणारा पुण्यवान होतो का? आणि जी जळाली ती जळायलाच हवी होती, असं म्हणायचं का? मी म्हणत आलो. सहा वर्षं म्हणत आलो. शेवटची दोन तर माहीत असून!"

एवढं बोलून तो शाळेत निघून गेला. मागं पाळकांनी भजन सुरू करायला सांगितलं, पण सूर काही लागला नाही.

संध्याकाळी कासाबाई त्याच्या घरात चुलीपाशी बसली होती. रायभाननं भाकरी आणि पिठलं पुढं ठेवलं. ती किरिस्तांवाच्या हातचं खाईल की नाही या शंकेनं तो उभाच राहिला.

"बघतूस काय? दोन दीस चालायलेय. पोटाला जात नसती." तिनं भाकरी मोडली. "पिठलं जरा खारट झालंय. बायको का केली न्हाईस?"

"आक्का, येडबानं पाठवलं का तुला?"

"त्यो कशाला पाठवील? त्याला तोंड हाय का? म्याच आले. त्याची पोर सतरा वर्साची झाली, महानंदा. तिचा काय गुन्हा? पंच मनतेत कागद, येडबा मनतोय कागद, तिकडं त्यो दुकानदार सांबप्पा बी मनतोय कागद. मनलं जाऊन बघावं, मास्तराच्या हाताला लकवा झालाय का काय."

"त्याला दोष नाही असं लिहून हवंय, आक्का. ते मी लिहायचं? माय मेल्यावर?"

"मी काय लिव्हायचं ते सांगाया आले न्हाई. मला वाचता येत न्हाई." ती पाणी प्याली. "येडबाच्या तोंडावर म्या थुकलेय. घोंगडीचं मला कळलं त्या दिवशी. त्यानं पुसून टाकलं अन् मेंढरं घेऊन गेला. पर तुला एक इचारू? तू जेलातून सुटलास कवा?"

"तेहतीसच्या उन्हाळ्यात."

"माय गेली चौतीसच्या दिवाळीनंतर. दीड वरीस. तुजे पाय मोडले होते का?"

रायभान खाली बसून चुलीत काटकी सारायला लागला.

"बोल की. आत्ता लय बोललास लोकापुढं."

"येडबा म्हणाला होता, तोंड दाखवू नको म्हणून."

"अन् तू मानलंस! आपली माय तसं मनंल का रे? तिच्या पोटी जन्मून तुला येवढं बी ठाव न्हाई? मार खायाला तरी यायचं होतंस. यिऊन एक डाव दारात हुबा राहिला असतास, तर तिनं चार शिव्या दिल्या असत्या अन् जगली असती." तिचा आवाज फाटला. तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा कडक झाली. "बाजारातून कुनी आलं की इचारायची, माजं रायभान दिसलं का. पोखर्णीच्या जत्रंला गेली, तितं इचारलं. सोनपेठच्या बाजारात इचारलं. लोक हसायचे. येडबाला समदं ठाव होतं अन् त्यो गप बसला. आता येडबा दुकानापुढं बसून इचारतोय, टपाल आलं का. अन् तुला समदं ठाव हाय, अन् तू गप बसलास."

रायभानला सगळा राग एकदम उलटून अंगावर आल्यासारखं झालं. त्याला म्हणायचं होतं की हे वेगळं आहे, येडबा गुन्हेगार आहे, आई नव्हती. जिभेवर शब्द आले, पण खोटे वाटले. शिक्षा म्हणून एखाद्याला वाट बघायला लावण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला होता? दोन वर्षं तो स्वतःला सांगत होता की लबाडाला उत्तर द्यायचं नसतं. खरं हे होतं की उत्तर लिहायचं तर साक्ष मोडावी लागली असती.

दारात किशनराव येऊन उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"मास्तर," ते म्हणाले, "तीस वर्षं प्रवचन करायलोय. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला उत्तर येत नाही." या खेपेला त्यांनी पाठीवर थाप मारली नाही. कासाबाईला हात जोडले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायभाननं शाळेला सुट्टी दिली आणि लिहायला बसला. पहिला कागद नुसत्या शिव्यांचा झाला. तो फाडला. दुसऱ्यात शास्त्रवचनंच फार आली. तोही फाडला, कारण त्यात तो पुन्हा साक्ष देत होता. तिसरा लिहून झाल्यावर त्यानं तो कासाबाईला वाचून दाखवला.

"येडबादादास, रायभानचा नमस्कार.

दोन वर्षं उत्तर दिलं नाही, हा माझा अपराध. तू वाट बघतोस हे मला ठाऊक होतं. तू कागद मागितलास तो पाठवतो, पण तुला हवा होता तो हा नव्हे. सांबप्पाकडून हा पंचांपुढं मोठ्यानं वाचून घे.

राखणदाराचा हात तू मोडलास. नाव माझं सांगितलंस. माय असं म्हणाली, तसं म्हणाली, हे मला खोटं सांगितलंस आणि मायला घोंगडी दाखवून तिला खोटं सांगितलंस. हे देवानं केलं नाही. तू केलंस. देवानं तुला हे करायला सांगितलं नव्हतं आणि माझ्या शाळेसाठी त्याला तुझ्या खोट्याची गरज नव्हती. त्यानं मला खड्ड्यातून उचललं हे त्याचं मोठेपण. त्यात तुझा वाटा नाही. माझाही नाही. तुला देवाच्या मागं लपायची जागा मीच दाखवली, बाजारात उभा राहून. ती मी आज बुजवतो. यापुढं अर्धी गोष्ट सांगणार नाही.

तू दोष नाही असं लिहून मागतोस. दोष नाही त्याला क्षमा कसली करायची? दोष आहे असं म्हण, मग क्षमेचं बोलू. तुरुंगाची दोन वर्षं मी तुला माफ केली. राग गेलेला नाही, तरी माफ केली, कारण मी ज्याचा झालो त्याची तशी आज्ञा आहे, आणि राग जाईपर्यंत थांबलो तर आपण दोघंही मरू. मायचं मला माफ करता येत नाही, ते माझं नाही. ते तू देवापुढं स्वतःच्या तोंडानं बोल. मीही बोलतो आहे, कारण मीही गेलो नाही. राखणदार जिवंत असेल तर त्याच्या दारी जा. तू म्हणशील तर मी सोबत येईन.

पंचांना रायभानची विनंती: यात महानंदाचा काडीचा दोष नाही. बापाचं लेकीला लावू नका. येडबानं सगळ्यांपुढं कबूल केलं तर त्याला जवळ घ्या. नाही केलं तर तुमचं तुम्ही ठरवा."

कासाबाईनं ऐकून घेतलं.

"लय कडू लिवलंस," ती म्हणाली.

"बदलू?"

"कशापायी? त्यो काय साखरंवर जगलाय आजवर? राहू दे. खाली माजं नाव घाल. मनावं कासाबाई हजर होती."

त्यानं नाव घातलं. पाकीट स्वतः खळीनं डकवलं आणि दोघं सोनपेठच्या वाटेला लागली. कासाबाई पुढं, तिची चाल मेंढरामागच्या माणसाची. रायभान मागून धापा टाकत. वाटेत तीन वेळा त्याला वाटलं, ते अमुक वाक्य फार झालं, परत जावं. एकदा तर तो थांबलाच. कासाबाईनं वळून नुसतं बघितलं.

टपालकचेरीत बन्सीधर कारकून पान चघळत बसला होता. रायभाननं पाकीट दिलं, पण हातातून सोडलं नाही.

"मास्तर, देताय का दाखवताय?"

"पालमच्या बाजाराच्या आत पोचेल का?"

"पोचंल की! पालम काय विलायतंत हाय?" बन्सीधरनं पाकीट ओढून घेतलं, पत्ता वाचला, ठप्पा मारला आणि पालमच्या गठ्ठ्यावर टाकून दिलं.